आरती अख्खी म्हणतात, पण पाणी मागता येत नाही

प्रश्न : डॉक्टर, दिवाळीच्या आधी माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हातपाय लुळा पडलाय, पण खरा प्रॉब्लेम बोलण्याचा आहे. पाणी हवं असलं की नुसतं "ते... ते..." करतात आणि चिडतात. संध्याकाळी गणपतीची आरती सुरू झाली की मात्र शेवटपर्यंत म्हणतात, शिव्या पण एकदम क्लिअर! नणंदबाई म्हणतात मुद्दाम करतात. नाटक आहे का हे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, नाटक अजिबात नाही, नणंदबाईंना हे वाचून दाखवा. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो आणि बहुतेकांचं बोलण्याचं कामही डावीकडेच असतं, म्हणून उजवा हात आणि वाचा एकदमच जाते, हे आम्ही नेहमी बघतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे असाच एक पेशंट आला होता, त्याचीही उजवी बाजू गेलेली, काहीही विचारा, तो फक्त "टॅन टॅन" म्हणायचा, समोरच्याचं बरंचसं कळायचं त्याला, आणि फारच चिडला की एक शिवी मात्र नीट द्यायचा (तुमच्या सासऱ्यांचा भाऊच शोभेल). तो गेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला. त्याला आज ब्रोकाचा भाग म्हणतात. पुढे १८७४ मध्ये कार्ल वर्निकेने डाव्या कानाच्या वरचा-मागचा भाग दाखवला, तो बिघडला की माणूस घडाघडा बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही नीट कळत नाही. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

मग आरती कशी जमते? पाणी मागायचं तर शब्द शोधून वाक्य नव्याने जुळवावं लागतं, आरती वर्षानुवर्षं चालीसकट पाठ असते आणि चालीचं बरंच काम मेंदूची उजवी बाजू करते, ती शाबूत आहे. शिव्याही तशाच, रागाच्या भरात आपोआप निघतात. मागचा छोटा मेंदू तोल सांभाळतो, खालचा देठ श्वास चालवतो, त्यांचा इथे संबंध दिसत नाही.

याला अफेझिया म्हणतात. स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा, चालीवर शब्द म्हणून घ्यायची एक पद्धत आहे, तिचा काहींना चांगला फायदा होतो. घरात मोठ्याने ओरडून बोलू नका, ते बहिरे झालेले नाहीत. "कुठे जायचं?" असं न विचारता "रामकुंडावर जायचं का?" असं विचारा, म्हणजे मानेने हो-नाही करता येईल, आणि शब्द शोधत असतील तर जरा थांबा, लगेच तोंडातला शब्द काढून घेऊ नका.

बीपीची गोळी मनाने बंद करू नका. पुन्हा कधी अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं तर सकाळपर्यंत वाट न बघता सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.