चर्च नंतर, आधी धक्का बघ

अरे बाबा,

मेसेज वाचला तुझा. गोव्यातली शहरं कशी वाढली हा प्रोजेक्ट घेतलास ते मस्तच, पण सुरुवात ओल्ड गोव्याच्या चर्चपासून करू नको रे, ती सगळेच करतात. चर्च नंतर आली, त्याआधी तिथे जहाजांचा धक्का होता.

आधी नकाशा घे आणि राजधानी कुठे कुठे हलली त्या खुणा कर. कदंब राजे आधी चांदोरला होते, कुशावतीकाठी, मग जुवारीवर गोपकपट्टणला आले म्हणजे आपला गोवा वेल्हा, तिथे गाळ भरत गेला तसा धंदा मांडवीवर एला बंदरात, म्हणजे आजच्या ओल्ड गोव्यात सरकला, आणि पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने 1510 मध्ये घेतलं ते हेच एला, तोवर अरबी घोड्यांच्या व्यापारावर चांगलंच गबर झालेलं, घोडे इथे उतरायचे आणि घाट चढून वर जायचे. पुढे रोगराई, त्यात डचांनी समुद्रावरचा व्यापार ओढला, शहर ओस पडलं आणि 1843 ला पणजी राजधानी. म्हणजे दरवेळी पाण्याची वाट आणि धंदा बघूनच मुक्काम हलला, राजाची हौस वगैरे नंतर.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक लोक गाळतात. जहाजं आली तरी माणसं खाणार काय? त्यासाठी खाजन बघ. खाडीकाठची खारी दलदल, तिला बांध घातले, मानस म्हणजे पाणी अडवायची झडप बसवली, भरतीच्या जोराने तिची दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, आत खारं पाणी सोसणारं कोरगुट भात, मानशीच्या तोंडाशी सुंगटं म्हणजे कोळंबी. बांध फुटला तर अख्ख्या गावाचं शेत जाणार म्हणून डागडुजी गावकरी मिळून करायचे. तांदूळ, मासळी दोन्ही नदीकाठी, होडीत घातलं की बाजारात. माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात भारी बांधकाम हेच, पण टुरिस्टला कोण दाखवतो!

रेल्वेचं थोडक्यात लिही. 1880 च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटावर लाइन गेली, वास्को तिच्यामुळेच उभं राहिलं, मडगावच्या बाजाराला पण जोर आला. कोकण रेल्वे 1998 ची. 1986 च्या पावसाळ्यात मांडवीचा पूल पडला तेव्हा पणजी-बार्देस परत फेरीबोटीवर आलं, ते मात्र घरच्या मोठ्यांना नक्की विचार, ऑफिस-बाजाराचे काय हाल झाले ते तेच सांगतील.

आणि आजचं पण घे. आपली भाजी बेळगावहून येते, चोर्ला घाटात दरड आली की इथे टोमॅटोचा भाव चढतो, म्हणजे पणजीचं शेत आता घाटावर आहे आणि खाजनात बघशील तर कितीतरी पड जमीन. हा मुद्दा प्रोजेक्टमध्ये ठासून मांड, सर काही म्हणोत.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. मयड्याची केळी, हरमलच्या मिरच्या घेऊन बसलेल्या बायकांना माल कुठून, कशाने आणला ते विचार, पण आधी काहीतरी विकत घे. आणि सकाळी लवकर जा, नंतर पार्किंग मिळत नाही.