रोजच्या धावपळीत अल्लाहचं भान कसं ठेवावं?

पाच वेळची नमाज होते, पण मधल्या वेळात अल्लाहची आठवणच राहत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. सुरुवात नमाजेपासूनच करा, कारण घाईत उरकलेल्या नमाजेचा असर सलाम फिरवताच, म्हणजे नमाज संपताच, संपतो. वुजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुताना, नळ बारीक सोडा. पाणी जपून वापरणं ही सुन्नतच, म्हणजे पैगंबरांची रीत, शिवाय हात आपोआप सावकाश चालतात. नमाजेनंतर लगेच उठू नका, अल्लाहच्या स्तुतीचे हे शब्द म्हणा: ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर, बोटांच्या पेरांवर मोजत. दोन-तीन मिनिटांचं काम.

जेवणाआधीच्या, घराबाहेर पडतानाच्या, झोपतानाच्या छोट्या दुआ आहेतच. पण माझ्या मते खरी कसोटी जिभेची नाही, व्यवहाराची. जिब्रील फरिश्त्याच्या प्रसिद्ध हदीसमध्ये (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद) एहसान, म्हणजे उत्तम रीतीने केलेली भक्ती, असा सांगितलाय: अल्लाहला जणू पाहतो आहेस अशी इबादत कर, तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच आहे. हे हिशेब लिहिताना आठवायला हवं, आणि कुणाची निंदा ओठांवर आली की तर हमखास.

सगळं एकदम अंगावर घेऊ नका. थोडं पण नियमित केलेलं काम अल्लाहला जास्त प्रिय, हेही हदीसच सांगते. एखादा दिवस गाफील गेला तर इस्तिगफार करा, म्हणजे अल्लाहची माफी मागा, आणि पुढच्या नमाजेला उभे राहा.