ब्रिस्बेनच्या त्या संघातले डोंबिवली, बोरिवली आणि पालघर

मुंबईच्या उपनगरांतून नावाजलेली माणसं कोण आली आणि त्यात उपनगराचा वाटा किती, असं तुम्ही विचारलंय. मी क्रिकेटपुरतंच सांगतो, कारण ते मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

जानेवारी २०२१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची ब्रिस्बेन कसोटी घ्या. भारताचा कप्तान अजिंक्य रहाणे, डोंबिवलीत वाढलेला. सलामीला रोहित शर्मा, बोरिवलीचा. आणि शार्दूल ठाकूर पालघरचा. पालघर काही उपनगर नव्हे, पण शार्दूलचं क्रिकेट बोरिवलीच्याच पश्चिम रेल्वेवर घडलं, म्हणून मी त्याला यात धरतो. बुमराह, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी. ६ बाद १८६ वरून शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदरने १२३ धावा जोडल्या. शार्दूलने खातं उघडलं तेच कमिन्सला षटकार मारून! ६७ धावा, शिवाय सामन्यात ७ बळी. आणि ही त्याची दुसरीच कसोटी. २०१८ मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत तो १० चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला होता.

पूर्वी मुंबईचं क्रिकेट म्हणजे दादर-माटुंगा. वांद्र्याचा सचिनसुद्धा सरावासाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. पुढे मैदानं तिथेच राहिली आणि मध्यमवर्गीय घरं मात्र जागेच्या भावापायी कल्याण-विरारकडे सरकली. मग पोरांच्या वाट्याला आली लोकल. सकाळच्या गर्दीत किट बॅग दारात ठेवली की शिव्या, वरच्या रॅकवर ती मावत नाही, म्हणून लगेजच्या डब्यात टोपल्या-पाट्यांच्या शेजारी उभं राहायचं. पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर विरारहून वांद्र्याला येई. २०१३ मध्ये त्याने आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्या, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता.

लोक म्हणतात, हालअपेष्टांनी जिद्द आली. मला हे अर्धंच पटतं. हाल तर डब्यातल्या सगळ्यांचेच होतात. यांच्यामागे कुणीतरी ठामपणे उभं राहिलं, हा खरा फरक. रहाणेने स्वतः सांगितलंय की रिक्षाला पैसे नसायचे, तेव्हा आई कडेवर धाकट्या भावाला आणि हातात त्याची किट बॅग घेऊन मैदानापर्यंत चालत न्यायची. रोहितला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं. घरच्यांना फी परवडणारी नव्हती, ती माफ करून घेतली. ऑफस्पिनर म्हणून निवडलेल्या या मुलाला पुढे सलामीला पाठवलं तेही त्यांनीच. आणि पालघरहून रोजची ये-जा शार्दूलला झेपणारी नाही हे बघून त्याला चक्क स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

तुम्ही यादी करणारच असाल, तर खेळाडूच्या नावापुढे उपनगराबरोबर शाळा आणि प्रशिक्षक असेही रकाने ठेवा. लाडसरांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एकट्या ब्रिस्बेनच्या संघातच त्यांचं नाव दोनदा येईल.