अनोळखी नंबर उचलावाच लागतो, मग काय करायचं? नको असलेल्या कॉलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी डीएनडीबद्दल (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी आपल्या नंबरची नोंदणी) चार ओळी लिहिल्या आणि मग प्रश्नच प्रश्न आले. बरेचसे सारखेच होते म्हणून त्यातले पाच घेतलेत. मी टेलिकॉममध्ये ग्राहक तक्रारीच बघत होते त्यामुळे ह्या विषयात जरा जीव अडकलाय, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, माझा मुलगा मिलिटरीत आहे, सध्या लडाखला. तिकडून फोन कुठल्या नंबरवरून येईल काही सांगता येत नाही म्हणून सगळे उचलते, आणि दिवसातनं सात-आठ फोन लोन पाहिजे काय, प्लॉट पाहिजे काय. सून म्हणते अनोळखी नंबर उचलूच नका. असं कसं उचलू नको? (येळ्ळूर)

मावशी, तुमचं बरोबर आहे, उचलू नका म्हणणाऱ्यांच्या घरातलं कोणी लांब नसतं. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आजूबाजूच्या कितीतरी गावात घरटी एक पोरगा फौजेत. माझा भाऊ फौजेत होता तेव्हा आई भाकरी थापत असताना रिंग वाजली की तशीच पिठाच्या हातानं धावायची, फोनवर बोटांचे पांढरे ठसे, आणि पलीकडनं एक पोरगी क्रेडिट कार्डाचं सांगायला लागायची. आई रागवायची नाही, फक्त "नको बाळ" म्हणून ठेवायची आणि तवा बघायची तर भाकरी करपलेली. एका मिनिटाच्या कॉलनं काय बिघडतं असं विचारणाऱ्या लोकांना मी हेच सांगते.

आता कामाचं. १४० नं सुरू होणारा नंबर दिसला की ती जाहिरात, मुलाचा फोन १४० वरून कधीच येणार नाही, तो बिनधास्त वाजू द्या. १६०० नं सुरू होणारे नंबर बँक, इन्शुरन्सवाल्यांच्या कामाच्या कॉलसाठी दिलेत. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून कोण काही विकायला लागलं तर तो कॉल मुळातच नियम मोडून आलेला. तो उचलला गेला तर तुमची चूक नाही, नंबर तेवढा लिहून ठेवा, पुढच्या उत्तरात त्याचं काय करायचं ते आहे. आणि सुनेला सांगून १९०९ वर फोन करा किंवा मेसेज करा, डीएनडी पूर्ण लावून घ्या. बँकेचे ओटीपी, पेन्शनचे मेसेज त्यानं बंद होत नाहीत, ही भीती बऱ्याच जणांना असते म्हणून मुद्दाम सांगितलं.

डीएनडी दोन वर्षं झाली लावून. तरी कॉल येऊलालेत. ब्लॉक करून करून कंटाळलो, एक ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरनं. मग डीएनडीचा उपयोग काय? (अनगोळ)

ब्लॉक केल्यानं फक्त तुमचा फोन गप्प होतो हो, त्याचा धंदा चालूच राहतो. तक्रार केली तर त्याच्या नंबरावर येतं, आणि नेमकं तेच आपण करत नाही.

कॉल नकोत म्हणून नंबर नोंदवायचं पहिलं रजिस्टर २००७ साली आलं, मग २०१० चे नियम, मग २०१८ चे, आणि दर वेळी टेलिमार्केटिंगवाले पळवाट काढून पुढे. रजिस्टर्ड कंपनीला पकडणं सोपं पण साधं सिम घेऊन दिवसाला शेकडो कॉल मारणारा कुठल्याच यादीत नसतो, त्याच्यापुढे डीएनडीचं काही चालत नाही कारण तो यादी बघतच नाही. म्हणून १२ फेब्रुवारी २०२५ ला ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जे बदल केले ते मला महत्त्वाचे वाटतात. आधी तक्रार तीन दिवसांत करायला लागायची, आता सात दिवस मिळतात. आधी एखाद्या नंबरावर सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई, आता दहा दिवसांत पाच आल्या तरी पुरे. आणि असल्या बिनरजिस्टर्ड माणसावर मोबाईल कंपनीनं पाच दिवसांत हालचाल करायची, पूर्वी तीस दिवस होते, तीस दिवसांत तो सिम फेकून मोकळा व्हायचा. पहिल्यांदा सापडला तर पंधरा दिवस आउटगोइंग बंद, परत सापडला तर सगळी कनेक्शन वर्षभर बंद आणि दुसऱ्या कंपन्यांकडे पण ब्लॅकलिस्ट. डीएनडी लावलेलं नसलं तरी तक्रार घेतात आता.

पाच म्हणजे किती? तुमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मनावर घेतलं तर झालं. १९०९ ला मेसेज टाका, त्यात कॉल करणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि काय विकत होता ते थोडक्यात. ट्रायचं डीएनडी ॲप आहे त्यातून पण होतं. तक्रार नंबर येतो, तो जपून ठेवा.

मी अर्धं वर्ष चंदगडला शेताकडे असतो अर्धं इकडे. एक सिम महाराष्ट्राचं एक कर्नाटकाचं. डीएनडी दोन्हीकडे वेगळं करायचं काय?

होय, नंबर दोन तर नोंदणी दोन वेळा, ज्या सिमचं करायचं त्याच सिमवरून १९०९. नियम सगळ्या देशाला एकच आहेत, नाका ओलांडला म्हणून बदलत नाहीत.

आमचं निपाणीत साड्यांचं दुकान. गिऱ्हाईकांचे नंबर वहीत आहेत, सणाला नवीन माल आला की मुलगा मोबाईलवरून सगळ्यांना फोन लावतो. आता हा पण गुन्हा म्हणायचा काय? मोठ्या कंपन्या सोडून आमच्यासारख्यांना धरणार. (निपाणी)

काका, तुमची काळजी मला समजते, पण खरं ते सांगते, दहा आकडी नंबरावरून माल विकायला शे-दोनशे लोकांना फोन लावणं हे नियमात बसत नाही, आणि पाच गिऱ्हाइकांनी वैतागून तक्रार केली तर मुलाचं आउटगोइंग बंद होईल. जिनं बिल करताना नंबर दिला तिनं साडी बदलायची वेळ आली तर म्हणून दिला, दर सणाला फोन कर असं म्हणून नाही दिला. चालू व्यवहारासाठी दिलेली संमती आता सातच दिवस धरतात.

दुकानदारांची बाजू मला मान्य आहे ती एवढीच, की डीएलटीवर (धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांची नोंदणी होते ती सिस्टिम) रजिस्ट्रेशन, हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मेसेजचा मजकूर आधी पास करून घेणं हे सगळं एकट्या दुकानदाराला झेपत नाही. ते सोपं करायला पाहिजे, मराठी-कन्नडात पाहिजे. पण म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्याला ताप हा उपाय नव्हे. तुम्ही काउंटरवर सरळ विचारा, "नवीन माल आला की कळवू काय?" हो म्हणेल तिच्या नावापुढे खूण करा, आणि रजिस्ट्रेशन करून मेसेज पाठवा.

आपल्याकडे अजूनही उलटं आहे, ज्याला नको त्यानं जाऊन नाव नोंदवायचं. माझं म्हणणं ज्याला पाहिजे त्यानं नोंदवावं. जर्मनीत आधी स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय घरच्या ग्राहकाला जाहिरातीचा कॉल करताच येत नाही, तिथं काय दुकानं बंद पडली नाहीत. इथे डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य कलमांना तिथून पुढे दीड वर्षाची मुदत, तोवर आपले नंबर ह्या हातातनं त्या हातात जातच राहणार. मला ह्याचा खरंच राग येतो.

मी टेलिकॉलर आहे. दिवसाला दीडशे कॉलचं टार्गेट. लोक आईबापावरून शिव्या घालतात. तुम्ही पण लिहिताय तक्रार करा. आमची नोकरी गेली तर? (खानापूरहून रोज बेळगावला येते)

बाळ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. शिव्या घालणाऱ्यांना आधी सांगते, फोनवरची पोरगी टार्गेट ठरवत नाही, नंबर विकत घेत नाही, "नको" म्हणा, फोन ठेवा आणि तक्रार लिहा, शिवीनं कुठलाच नंबर बंद होत नाही.

आता तुझं. मला एकच सांग, कॉल कुणाच्या सिमवरून लावतेस? ऑफिसनं १४० ची लाइन दिली असेल, यादी डीएनडीशी ताडून घेतली असेल तर तुझं काम कायदेशीर आहे, मान खाली घालायचं कारण नाही. पण माझ्याकडे तक्रारी यायच्या त्यात कितीतरी वेळा सिम पोरांच्याच नावावर निघायचं, ऑफिसवाले म्हणायचे आधार आण, सिम काढ, रिचार्ज आम्ही देतो. कारवाई होते ती ज्याच्या नावावर सिम त्याच्यावर. तुझ्या नावावरची सगळी कनेक्शन बंद होऊ शकतात, ज्याच्यावर तुझ्या बँकेचा ओटीपी येतो ते पण, घरी आईला तुझ्या नावावर काढून दिलेलं असेल तर ते पण. मॅनेजरच्या नावाला धक्का लागणार नाही.

आज घरी गेलीस की संचार साथी हे सरकारी पोर्टल उघड, तुझ्या नावावर किती सिम आहेत ते तिथं दिसतं. माहीत नसलेलं किंवा ऑफिसला दिलेलं एखादं दिसलं तर तिथूनच ते बंद करायची रिक्वेस्ट टाक, आणि उद्या ऑफिसात कंपनीच्या नावाची लाइन माग. नाही म्हणाले तर मला परत लिही.