घटनादुरुस्ती की संशोधन?

इंदूरला राजेंद्रनगरात दर रविवारी नववी-दहावीच्या मराठी मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मी 'घटनादुरुस्ती' म्हटलं की मुलं हसतात. शाळेत ती 'संविधान संशोधन' शिकतात. मीही तेच म्हणू का?"

ताई, मुलांचं हसणं रास्त आहे. इंदूरच्या पोराला घटना म्हणजे काल चौकात घडलेला प्रकार आणि दुरुस्ती म्हणजे पंक्चरवाल्याचं काम. घडून गेलेल्या गोष्टीची मरम्मत कशी करणार?

पण म्हणून 'संशोधन' नको. शब्द मुळात 'शुध्' धातूचा. हिंदीने त्यातलं 'शुद्ध करणं' धरून ठेवलं, मराठी शोधाच्या वाटेने गेली. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या 'भारत इतिहास संशोधक मंडळा'चं नाव वर्गात वाचून दाखवा. ही मंडळी इतिहास बदलायला बसली आहेत, असं निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगेल.

'घटना'मधला 'घट्' म्हणजे जुळवणं, घडवणं. घटक आणि संघटना त्याच घरातले. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणतो, आणि त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या महूचा. तिथून सुरुवात केलीत तर शब्द परका वाटणार नाही.

'दुरुस्ती' हा फारसीकडून आलेला शब्द मात्र मलाही थोडा खटकतो. दुरुस्ती बिघडलेल्याची करतात. ६१व्या घटनादुरुस्तीने (१९८८) मतदानाचं वय २१ वरून १८ केलं, त्यात बिघडलेलं काय होतं? उलट ४२वीने (१९७६) केलेलं बरंच काही ४४वीने (१९७८) परत फिरवलं, शिवाय आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही असं करून ठेवलं. ही दुरुस्तीची दुरुस्ती! मराठी कायद्यांच्या नावात 'सुधारणा' असते. ती तर स्वतःच स्वतःची पाठ थोपटते. त्यापेक्षा दुरुस्ती बरी.

खरा खड्डा पुढे आहे. ८६व्या घटनादुरुस्तीने (२००२) ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हिंदीत 'शिक्षा का अधिकार'. माझ्या भाच्याने त्याचं सरळ 'शिक्षेचा हक्क' केलं होतं. म्हटलं, तो तुला आईने केव्हाच दिलाय.

नागरिकत्वाशी आलात की मात्र 'घटनादुरुस्ती' जपून वापरा. अमेरिकेत तिथे जन्मलेल्यांचं नागरिकत्व १४व्या घटनादुरुस्तीने (१८६८) पक्कं केलं. आपल्याकडे राज्यघटनेत ५ ते ११ एवढेच अनुच्छेद त्यावर आहेत, आणि ११व्याने पुढचं सगळं संसदेच्या कायद्यावर सोपवलं. म्हणून १९५५च्या नागरिकत्व कायद्यात वेळोवेळी झालेले बदल, २०१९चा धरून, या कायद्यातल्या दुरुस्त्या आहेत, घटनेतल्या नव्हेत. मोठी माणसंही इथे गल्लत करतात.

एका बाबतीत हिंदीचं ऐका. ती संविधानाचा 'अनुच्छेद' आणि साध्या कायद्याची 'धारा' वेगळी ठेवते. आपण दोन्हींना 'कलम' म्हणून मोकळे होतो. तुम्ही वर्गात 'अनुच्छेद'च म्हणा. नाहीतर 'कलम २१ काढा' म्हटल्यावर कुणीतरी दप्तरात पेन शोधायला लागेल.