पुण्यातून एमए सायकॉलॉजी झालंय, लग्नानंतर न्यू जर्सीत आहे. इथे स्कूल सायकॉलॉजिस्ट व्हायला परत काय काय शिकावं लागेल? पीएचडी लागतेच का?

पीएचडी लागत नाही. हे आधीच सांगते, कारण त्या एका भीतीने बऱ्याच जणी अर्ज न करताच मागे फिरतात. शाळेत काम करायचं असेल तर स्पेशलिस्ट लेव्हलचं, म्हणजे मास्टर्स आणि डॉक्टरेटच्या मधलं, शिक्षण पुरतं, कुठे त्याला एड.एस. म्हणतात, कुठे एमए अधिक सर्टिफिकेट असं देतात, नाव वेगळं पण माल तोच. नॅस्प म्हणून इथली स्कूल सायकॉलॉजिस्ट लोकांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या निकषाप्रमाणे किमान ६० क्रेडिट्स आणि १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. फुल टाइम केलंत तर तीन वर्षं, त्यातलं तिसरं वर्ष जवळजवळ पूर्ण इंटर्नशिपचं. डॉक्टरेट लागते ती स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल किंवा युनिव्हर्सिटीत शिकवायचं असेल तर. तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे रटगर्सला साय.डी. आहे, ती डॉक्टरेट झाली, आणि माँटक्लेअर, रायडर, रोवन इथे स्पेशलिस्ट लेव्हलचं होतं.

आता पुण्याच्या एमएचं काय. मार्कशीटचं कोर्सवार इव्हॅल्युएशन करून घ्या, डब्ल्यूईएस वगैरे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांकडून, आणि मग प्रोग्रॅम डायरेक्टरशी थेट बोला. स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल असे काही पेपर माफ होऊ शकतात, पण सगळं एमए धरतील अशी आशा नको. असेसमेंटचे कोर्स तर बहुतेक परत करायलाच लावतात, आणि खरं सांगू का, ते बरोबर आहे. आपण प्रॅक्टिकलला बिने-कामत नाहीतर मालिनची आयक्यू टेस्ट घेतो, एखाद्या मैत्रिणीच्या भाच्याला बसवून, जर्नल लिहून सही घेतली की झालं. (कामतांनी ती टेस्ट १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली होती, आणि मालिन नागपूरचे. इथे वर्गात मी हे सांगितलं तेव्हा सगळे बघतच राहिले.) इथे विस्क-फाइव्ह ही मुलांची आयक्यू टेस्ट शिकवताना तुमचा व्हिडिओ काढतात, मग प्रोफेसर तो थांबवून थांबवून बघतात, सूचना मॅन्युअलमधल्या शब्दाला शब्द वाचल्या का, टाइमर कधी दाबला, मूल अडलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं का. एक स्कोअर चुकला की अख्खा प्रोटोकॉल (टेस्टची उत्तरं-गुण लिहायची पुस्तिका) परत.

पण टेस्ट घेता येणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरा घाम फुटतो रिपोर्टला. वर्किंग मेमरी, म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून वापरायची क्षमता, ८२ आली हे लिहिणं कोणालाही जमतं, सरासरी १०० आणि एसडी (प्रमाण विचलन) १५ हे तुम्हालाही पाठ आहे, पण त्यावरून चौथीच्या बाईंनी सोमवारी वर्गात काय वेगळं करायचं हे आईलाही कळेल अशा भाषेत लिहायचं, आणि उद्या वकिलाने वाचलं तरी टिकेल असं लिहायचं. आपल्याकडच्या एमएत आणि इथल्या ट्रेनिंगमध्ये मला तरी हाच मोठा फरक वाटला, तिथे थिअरी भक्कम होती, इथे प्रत्येक कोर्सला शेवटी विचारतात, मग या मुलाचं करायचं काय?

वकील मधेच कुठून आला म्हणाल, तर हे कामच कायद्यावर उभं आहे. १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, १९९० मध्ये त्याचं नाव आयडिया (आयडीईए) झालं, त्यात अपंगत्वाचे १३ प्रकार आहेत आणि मूल त्यातल्या एखाद्यात बसतं का, त्याला स्पेशल एज्युकेशन लागतं का, हे ठरवणाऱ्या टीममध्ये तुम्ही असता. त्यामुळे लॉ आणि एथिक्सचा कोर्स हलक्यात घेऊ नका. त्यात लॅरी पी. खटला येतो, सॅन फ्रान्सिस्कोत काळ्या मुलांना आयक्यू टेस्टच्या जोरावर सरसकट मतिमंदांच्या वर्गात टाकत होते, १९७९ मध्ये कोर्टाने त्यावर ताशेरे ओढले आणि कॅलिफोर्नियात त्या टेस्ट वापरण्यावर बंधनं आली. ज्या टेस्टसाठी इतका जीव काढून शिकलो तिने काय नुकसान होऊ शकतं ते तिथे कळतं.

बाकी कोर्सेसमध्ये वाचन-गणिताचं असेसमेंट आणि इंटरव्हेन्शन (एक मिनिट मोठ्याने वाचायला लावून बरोबर शब्द मोजायचे, इतकं साधं, पण दर आठवड्याला केलं की मूल पुढे जातंय का ते लख्ख दिसतं), फंक्शनल बिहेविअर असेसमेंट (मूल असं का वागतंय ते शोधणं), क्रायसिस हाताळणं, प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन. काउन्सेलिंग आहे पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. दिवसभर मुलांशी गप्पा मारायच्या असतील तर स्कूल काउन्सेलरचा कोर्स बघा, तो वेगळा आहे. आणि कन्सल्टेशन म्हणून एक कोर्स असतो, नाव ऐकून लोक कंटाळवाणा समजतात पण नोकरीत सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो, पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना त्यांच्या वर्गाबद्दल काही सुचवायचं आणि त्यांना राग येऊ द्यायचा नाही, ही कलाच आहे.

मराठी येतं याचा फायदा होतो का? होतो. कायद्याने मुलाचं मूल्यमापन शक्यतो त्याच्या भाषेत करायला हवं, आणि एडिसन वगैरे भारतीय वस्तीच्या भागात नुकतं आलेलं मूल वर्गात बोलत नाही म्हणून तपासणीसाठी रेफर होतं, तेव्हा घरी ते मराठीत धडाधड बोलतं की तिथेही अडतं हे कोणीतरी विचारायला लागतं. आईवडील तर स्पेशल एज्युकेशन शब्द ऐकूनच हादरतात, आमचा मुलगा काय मंद आहे का म्हणून. त्यांना त्यांच्या भाषेत समजावणारं कोणी असलं की मीटिंगचा सूरच बदलतो.

राज्य मात्र आधी ठरवा, युनिव्हर्सिटी नंतर. लायसन्स राज्याचं असतं. न्यू जर्सीत सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट (शिकण्यातल्या अडचणी बघणारे) आणि सोशल वर्कर मिळून चाइल्ड स्टडी टीम असते, तुम्ही केस मॅनेजरही असता, आणि पालकांच्या संमतीपासून ९० दिवसांत इव्हॅल्युएशन होऊन आयईपी, म्हणजे त्या मुलाचा स्वतःचा शिक्षण-आराखडा, सुरू व्हायला लागतो, म्हणजे कागदपत्रं भरपूर. टेक्सासमध्ये पदाचं नावच वेगळं आहे. नवऱ्याची बदली होण्यासारखी असेल तर नॅस्प-मान्य प्रोग्रॅमच घ्या आणि प्रॅक्सिस ही स्कूल सायकॉलॉजीची परीक्षा देऊन एनसीएसपी हे राष्ट्रीय सर्टिफिकेट काढून ठेवा, बऱ्याच राज्यांत त्याने काम सोपं होतं.

शेवटचं, व्हिसा. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर पगारी इंटर्नशिप घेता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सीपीटीतून, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीने, करता येते, म्हणून काही जणी आधीच एफ-१ करून घेतात. तिसऱ्या वर्षी धावपळ नको, हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपचे पैसे मिळतात का तेही प्रोग्रॅमवाल्यांकडे चौकशी करून घ्या, कारण एका डिस्ट्रिक्टमध्ये मिळतात आणि शेजारच्यात अख्खं वर्ष फुकट राबवतात.