गांडुळं घालून दाखवलेला अँटपिटा ‘पाहिला’ म्हणायचा का?

तुम्ही विचारलंय की अँडीजमध्ये गांडुळं टाकून बोलावलेला अँटपिटा (जंगलात जमिनीवर वावरणारा, सहसा नजरेला न पडणारा पक्षी) आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत धरणं प्रामाणिकपणाचं आहे का, आणि सोबत लेन्स कोणती न्यावी.

धरा. बिनधास्त धरा. ‘त्यात काय, पाळलेली कोंबडी’ असं म्हणणारे भेटतील. मला एक भेटलाय, तोही घनिष्ठ मित्र, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आम्ही दक्षिण इक्वेडोरमध्ये तापिचालाकाच्या राखीव जंगलात गेलो होतो, होकोतोको नावाच्या अँटपिटासाठी. हा पक्षी १९९७ पर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता. चांगला थोराड, गालावर पांढराशुभ्र पट्टा, तरी कुणाच्या नजरेला पडला नव्हता. पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट रिजली आणि त्यांच्या सोबत्यांनी आधी त्याचा आवाज ऐकला. पुढच्याच वर्षी त्याच नावाची संस्था उभी राहिली आणि जंगल विकत घेऊन राखायला लागली. तिथले राखणदार ठरलेल्या जागी गांडुळं ठेवतात आणि पक्षी येतो.

मित्राला हे नको होतं. ‘स्वतःच्या कष्टाने बघायचा.’ मग भल्या पहाटे राखणदाराला मागे ठेवून आम्ही स्पीकर घेऊन वरच्या धारेवर गेलो. बांबू असा माजलेला की हात घातला तर कोपरापुढचं दिसू नये, त्यात धुकं. याने त्या पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. लगेच उत्तर आलं, खोल, घुमणारं. एकदा डावीकडून, मग पाठीमागून. पान हललं नाही. याने परत लावलं, परत लावलं. शेवटी पक्षी गप्प झाला तो झालाच. होणारच! त्याच्या लेखी कुणी उपरा दारात येऊन दंड थोपटत होता. चारा शोधायच्या वेळेत त्याला हद्द राखायला लावली, आणि याला म्हणे आपले कष्ट.

परत खाली आलो. राखणदाराने उकिडवं बसून गांडुळांचे तुकडे केले, शेवाळलेल्या ओंडक्यावर ठेवले आणि हलकी शीळ घातली. बराच वेळ काही नाही. मग बांबूच्या बुडाशी दोन निळसर काटक्या दिसल्या, त्या पुढे आल्या तेव्हा कळलं की पाय आहेत. शेपूट जवळजवळ नाहीच, नुसतं गोल अंग उंच पायांवर तोललेलं. दोन उड्या, थांबला, मान कलती केली, पुन्हा एक उडी. चोचीत एकावर एक तुकडे धरले आणि न गिळता आत घेऊन गेला, बहुतेक पिल्लासाठी. ‘कोंबडीच आहे ही,’ मित्र कॅमेऱ्यामागून कुजबुजला.

कोंबडीला खुराडं असतं. हा पक्षी जंगलातून मनाने येतो, मनात नसेल तर येत नाही. आणि कष्ट म्हणाल तर ते त्या राखणदाराचे, ज्याने पक्षी विश्वास टाकेपर्यंत रोज तिथे हजेरी लावली. ही युक्ती गाजवली ती उत्तर इक्वेडोरच्या मिंदोकडच्या आन्हेल पास या शेतकऱ्याने. त्याच्या वाटेवर जायंट अँटपिटा गांडुळं वेचताना दिसली, त्याने आणखी टाकायला सुरुवात केली, तिचं नाव मारिया ठेवलं. आज जगभरचे लोक त्याच्या रानात पैसे मोजून जातात. अशा रानावर कुऱ्हाड चालवणं मालकाला परवडत नाही. तुमच्या-माझ्या ‘शुद्ध’ याद्यांनी एक झाड तरी वाचलंय का?

बाकी हे पक्षी दिसत नाहीत यात तुमचा नवखेपणा नाही. अंधाऱ्या जमिनीवर चालणारे, उडण्यापेक्षा पळणारे, एकेकटे किंवा जोडीने आपापल्या हद्दीत राहणारे. त्यांचा खालच्या पट्टीतला आवाज झाडोऱ्यातून लांब जातो, म्हणून ऐकू येतात पण सापडत नाहीत. रूफस अँटपिटा ही एक जात समजली जायची, ती २०२० मध्ये आवाज आणि डीएनएच्या आधारे कितीतरी जातींत फोडली गेली. नुसतं बघून त्यातल्या काही जाती तज्ज्ञांनाही सांगता येणार नाहीत.

रेकॉर्डिंग मुळातच पाप आहे असं मात्र मी म्हणत नाही. होकोतोको पहिल्यांदा झाडीबाहेर आला तोही त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज त्याला ऐकवल्यावर. पण ते नवीन जात शोधताना. आपण यादीतल्या एका खुणेसाठी स्पीकर कोकलत ठेवतो. आणि हो, गांडुळं स्वतः नेऊन टाकायची नाहीत, ते तिथल्या माणसाचं काम. दिवसभर चारा ओतून गर्दी जमवतात तिथेही जाऊ नका, रोज एकाच जागी येणारा पक्षी शिकाऱ्यालाही कळतो.

लेन्सचं राहिलं. पक्षी एवढा जवळ येतो की मोठ्या लेन्सचा फोकस लागत नाही, उजेड नसतो आणि फ्लॅश मारायचा नाही. याहून जास्त मला समजत नाही. त्या मित्राला विचारून सांगतो, त्याच्याकडे कोंबडीचे फोटो पुष्कळ आहेत.